सतरा नंबर

अर्धा पाव मोरछाप चहा घेतला
की पुड्यात एक पुठ्ठ्याचं चित्र निघायचं,
काड्यापेटीहून जरासं मोठं.
एकूण चोवीस खेळाडू. पैलवान, मल्लखांबवाले,
खो-खोची एक मुलगी, वेणी हवेतच थांबलेली.
आमच्याकडे महिन्याला पावभर चहा, म्हणजे दोन खेळाडू,
त्यातला एक हमखास आधीचाच.
पैलवान गुंडाप्पा माझ्याकडे सातदा आला.
सतरा नंबर एकदाही नाही.

सतरा नंबर : दस्तगीर नदाफ, कबड्डी, डावा कोपरा.

चढाईवाला आत घुसला की सगळे मागे सरतात.
कोपरा तेवढा गुडघ्यात वाकून बसतो,
विहिरीच्या कडेला बेडूक बसावा तसा.
हलत नाही. चढाईवाल्याच्या तोंडाकडे बघत नाही.
बघतो फक्त टाच.
ती मध्यरेषेकडे वळली रे वळली
की घोटा.
दादा सांगायचा, त्या हातातून सुटलेला पाय
तासगावच्या मैदानाने पाहिलेला नाही.
दादाने मैदान पाहिलं.
मी पुडे फोडले.

मग अडतीस वर्षं मिरजेत दवाखान्याच्या लॅबमध्ये,
दुसऱ्यांचं रक्त काचेवर पसरून मोजत बसले.
अल्बममध्ये तेवीस चित्रं
आणि एक चौकोन, डिंकाचे चार ठिपके लावून ठेवलेला.

गेल्या पौषात हरभट रोडला
जिन्नाप्पा मगदूमच्या रद्दीच्या दुकानात
एका जुन्या किराणा वहीत सापडला.
उधारीच्या पानांमध्ये खूण म्हणून घातलेला.
जिन्नाप्पाने माझा चेहरा पाहिला
आणि किलोचा भाव सोडून दिला.
बावीसशे.
मी घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी भिंगाखाली धरला.
लाल, निळे, पिवळे ठिपके, पेशींसारखे.
जरा मागे सरले तर माणूस :
साधा बनियन, मांडीला माती,
उजव्या भुवईवर खोक.
पाठीमागे बारीक अक्षरात, राहणार नांद्रे.

नांद्र्याला गेले. तो नव्हताच, नऊ वर्षं झालेली.
हाजराबी शेंगा फोडत बसल्या होत्या.
चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.
"ह्यो न्हवं."
मी म्हटलं, नाव आहे की.
"नाव असंल. खोक डाव्या भुवईवर हुती.
तासगावात कुणाची तरी टाच लागलेली.
टाके मी धुतल्यात, मला म्हाईत न्हाई?"

मग उठल्या. खुंटीवरचा दाढीचा आरसा काढला,
पदराने पुसला,
चित्र त्याच्यासमोर धरलं.
अक्षरं उलटी झाली, सतराचा काहीच्या बाही आकडा झाला
आणि त्याची खोक डावीकडे आली.
"ह्यो बघ. ह्यो आला."
छापणाऱ्याने काच उलटी लावली होती,
डावा कोपरा उजवीकडे बसवला होता
पन्नासच्या वर वर्षं.
हाजराबी आरशात बघत राहिल्या.
मी शेंगांकडे.

निघताना चित्र त्यांच्या हातात ठेवायला गेले.
किंमत सांगितली तेव्हा हसल्या,
"येवढ्या म्याचा मारल्या, कुणी दिली तर एक पितळी घागर.
ने तू. माझ्याकडं सुलटा हाय."
आणि चहा केला. मोरछाप नव्हता, तो कधीच बंद पडला.

कोल्हापूरचा एक संग्राहक फोन करतो अधूनमधून.
उलटा छापलाय म्हणजे दुर्मीळ, म्हणतो, तिप्पट देतो.
त्याला मी खोकेचं सांगितलं नाही.

मिरजेत काचवाल्याकडून एक आरसा कापून घेतला,
चित्राएवढाच. तो म्हणाला, बाई, यात तोंड काय दिसणार?
तो चिकटवलाय समोरच्या पानावर,
सतरा नंबरच्या बरोबर पुढ्यात.
तेव्हापासून अल्बम नीट मिटत नाही.